दृढीकरणाच्या रविवारनंतर मुलांसोबत कोण चालते?

घोरपडीची_शिक्षिका

सर्वांना जय ख्रिस्त.

पुण्यातील एका मराठी मंडळीत (चर्चमध्ये) मी गेली एकोणीस वर्षे शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवते आणि त्यांतील अकरा वर्षे दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीचा) वर्गही माझ्याकडे आहे. दर वर्षी वर्ग सुरू होताना मुलांची नावे, घरचा पत्ता आणि बाप्तिस्म्याची तारीख मी एका वहीत लिहून घेते. मागच्या महिन्यात कपाट आवरताना ती वही पहिल्या पानापासून वाचली आणि प्रत्येक नावापाशी थांबून, हे मूल आज कुठे आहे, असे स्वतःला विचारत गेले. कोण कुठे नोकरीला आहे, कोणाचे लग्न झाले, हे बहुतेकांचे ठाऊक होते. त्यांच्या विश्वासाचे पुढे काय झाले, हे मात्र फार थोड्यांविषयी सांगता आले.

आमच्याकडे वर्ग सहा महिने चालतो. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि संस्कारांचे अर्थ मुले पाठ करतात. मग बिशपसाहेब येतात, मस्तकावर हात ठेवतात, मुले प्रथमच प्रभुभोजन घेतात, छायाचित्रे निघतात, घरोघरी बिर्याणी होते. पुढच्या जूनमध्ये दहावीचे शिकवणीवर्ग सुरू होतात आणि रविवारची सकाळ त्यांच्याकडे जाते. दोन वर्षांनी त्या गटातली जी मुले उपासनेला दिसतात, ती एका बाकावर मावतात.

याचा दोष मी बराच काळ शिकवणीवर्गांना आणि मोबाइलला देत होते. आता देत नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी हा धागा काढला आहे. काही वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलाने विचारले होते, "बाई, आम्ही सगळ्यांनी आजीसाठी एवढी प्रार्थना केली, तरी ती का गेली?" बिशपसाहेबांच्या भेटीला तीन आठवडे राहिले होते आणि अर्ध्या मुलांचा विश्वासांगीकार पाठ झालेला नव्हता. मी म्हणाले, "हे आपण नंतर घेऊ." तो मुलगा यंदा क्वार्टर गेटच्या बसथांब्यावर भेटला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चर्चमध्ये दिसत नाहीस, असे मी सहज म्हटले, तेव्हा तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "बाई, तुम्ही नंतर घेऊ म्हणाला होतात."

आम्ही बस सोडली आणि पुणे स्टेशनपर्यंत चालत गेलो. माझ्याकडे उत्तर तेव्हाही नव्हते आणि त्या दिवशीही नव्हते, म्हणून मी त्याला आजीविषयी विचारत राहिले. तो बोलत राहिला.

घरी येऊन लूकच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय काढला. येशूच्या मृत्यूनंतर अम्माऊस गावाच्या वाटेवरचे ते दोघे दुःखी शिष्य यरुशलेमकडे पाठ करून निघालेले आहेत. प्रभू त्यांना अडवत नाही, मागे फिरा असे म्हणत नाही. ते ज्या दिशेने चालले आहेत त्याच दिशेने त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि आधी विचारतो, की तुमचे काय बोलणे चालले आहे? शास्त्राचा उलगडा तो करतो, पण त्यांचे सगळे दुःख ऐकून घेतल्यावर. गाव आल्यावरही तो आपण होऊन घरात शिरत नाही. ते आग्रह करतात तेव्हा आत जातो. हा अध्याय मी शब्बाथ शाळेत कितीतरी वेळा शिकवला आहे, आणि स्वतःच्या वर्गात त्याच्या नेमके उलट वागले आहे.

आपापल्या मंडळीत दृढीकरणानंतर मुलांच्या आणि त्यांच्या घरांच्या सोबत कोण असते, हे येथे लिहावे. मला खरोखर शिकायचे आहे.

---

निवृत्त_पाळक

बाई, आपण प्रांजळपणे लिहिलेत, याबद्दल आभार. याची मुळे आपल्या वर्गापेक्षा बरीच मागे जातात.

शब्बाथ शाळेची चळवळ १७८० मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांच्या प्रयत्नांतून वाढली. आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना रविवार हाच मोकळा दिवस असे, आणि वाचायला शिकवणे हे त्या शाळेचे पहिले काम होते. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) काम सुरू केले, आणि त्या जिल्ह्यातील खेड्यांत शाळा व मंडळी बहुधा एकाच छपराखाली वाढल्या. माझे आजोबा अशाच एका गावात शाळामास्तर होते आणि उपासनाही तेच चालवीत. मुले त्यांना फळ्यासमोर पाहत, तशीच विहिरीवर, शेताच्या बांधावर, आजाऱ्याच्या उशाशी आणि कोणाशी भांडण झाल्यावर क्षमा मागतानाही पाहत. रविवारचा पाठ हा त्या सगळ्या दिवसांचा एक लहानसा भाग होता.

पुढे आपली कुटुंबे रेल्वे, लष्करी कारखाने, रुग्णालये आणि शाळा यांतील नोकऱ्यांसाठी पुण्यात आली. येताना बरोबर पाठ आणला; विहीर, बांध आणि उशाशी बसणारा मास्तर गावीच राहिला. शहरात मुलाला त्याचे शिक्षक आठवड्यातून एक तास दिसतात, तेही इस्त्रीच्या कपड्यांत.

बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना आज्ञा शिकवण्याचे चार प्रसंग सांगितले आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. चारांपैकी एकही मंदिरात घडत नाही. पाळक म्हणून मी चौतीस वर्षांत या वचनावर अनेक उपदेश केले. पण किती घरांत निजताना प्रार्थना होते, हे जाणून घेण्यासाठी संध्याकाळी आठ वाजता भेटीला गेलो, असे फार वेळा घडले नाही. माझ्या गृहभेटी सकाळी अकराला होत, कारण ती वेळ मला सोयीची होती. मुले तेव्हा शाळेत असत.

---

हिंजवडीतला_एकटा

मी जालन्याहून नोकरीसाठी आलो. वाकडला तिघे जण खोली घेऊन राहतो. पुण्यात आल्यावर एका मोठ्या मंडळीत जाऊ लागलो. पहिल्या महिन्यात मला तीन प्रश्न विचारले गेले: गिटार वाजवता का, प्रोजेक्टर चालवता येतो का, आणि नाताळच्या कॅरल फेरीसाठी गाडी आहे का. तिन्हींना हो म्हणालो आणि दोन वर्षे मनापासून काम केले. त्याच काळात माझी नोकरी गेली होती आणि चार महिने दुसरी मिळत नव्हती. प्रोजेक्टर वेळेवर लागत होता, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नाही.

तक्रार म्हणून लिहीत नाही. तरुणांना जबाबदारी दिली की ते टिकतात, असे सगळेच म्हणतात, म्हणून माझा अनुभव सांगितला.

---

युनीकेची_लेक

या धाग्यात कुटुंबांचा उल्लेख आला, म्हणून माझ्यासारख्या घराविषयी लिहिते. माझे यजमान ख्रिस्ती नाहीत. आमचा विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने झाला. सासरी दीड दिवसाचा गणपती असतो, मी मोदक करते; नाताळात सासूबाई माझ्याबरोबर करंज्या तळायला बसतात. घरात प्रेम आहे. मुलांना विश्वासात वाढवण्याची जबाबदारी मात्र माझ्या एकटीवर आहे, आणि मंडळीत माझ्याकडे बहुतेक वेळा कीव करून पाहिले जाते किंवा "साहेब कधी येणार?" असे विचारले जाते.

माझ्या टोपणनावाचा उलगडा करते. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असे पौल लिहितो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तीमथ्याचा बाप हेल्लेणी (ग्रीक) होता, हेही सांगितले आहे. म्हणजे ज्या तरुणाला पौलाने आपले मूल म्हटले, तो आमच्यासारख्याच घरातला होता. मातृदिनाच्या उपदेशात मी लोईस आणि युनीके अनेकदा ऐकल्या. त्या हेल्लेणी बापाविषयी कधी ऐकले नाही.

आपल्या मराठी मंडळींना तर हे उदाहरण घरचेच आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या वर्षांत ताटातूट झाली, माणसे दुरावली, पुढे एकत्र आल्यावरही दोघांच्या श्रद्धा वेगळ्या होत्या. लक्ष्मीबाईंनी जातिभेद माणसांनीच निर्माण केला आहे, या निष्कर्षाला स्वतः विचार करून पोहोचल्यावर पुढचे पाऊल टाकले. त्या पाच वर्षांत त्यांना ढकलले गेले असते, तर त्या पुढे इतक्या ठामपणे उभ्या राहिल्या असत्या, असे मला वाटत नाही.

मला स्वतःला सोबत मिळाली ती आमच्या महिला मंडळातील एका वयस्क मावशींची. त्या गुरुवारी संध्याकाळी येत. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर मटार सोलत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि सोलायला लागल्या. मुले गृहपाठ करत तिथेच बसली होती. निघताना त्यांनी मुलीला विचारले, "उद्या काय आहे तुझे?" ती म्हणाली, गणिताची चाचणी. मावशींनी सोललेल्या मटारांच्या भांड्यावरच हात जोडले, एका वाक्यात तिच्या चाचणीसाठी प्रार्थना केली आणि यजमानांनी आणलेला चहा घेऊन गेल्या. असे चार वर्षे चालले. यजमानांना त्यांनी कधीही काहीही विचारले नाही. आता मावशी नाहीत, गुरुवारी माझी मुलगीच विचारते, "उद्या कोणाचे काय आहे?"

---

पाठांतर_हवेच

सर्वांचे लिहिणे मनाला भिडले, तरीही एक विरोधी मत नोंदवतो. सोबत हवी, हे मान्य; पण पाठांतराला या धाग्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात आहे, ते मला मान्य नाही.

माझ्या वडिलांना शेवटची तीन वर्षे स्मृतिभ्रंश होता. माझे नाव त्यांना आठवत नसे. रात्री ते घाबरून उठत आणि घरी न्या म्हणत, घरातच असताना. मी तेविसावे स्तोत्र सुरू करी आणि दुसऱ्या ओळीपासून ते माझ्याबरोबर म्हणू लागत, शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता. हे स्तोत्र त्यांच्याकडून वयाच्या आठव्या वर्षी छडी घेऊन पाठ करवून घेतले गेले होते. छडीचे मी समर्थन करत नाही. पण त्या मास्तरांनी "समजेल तेव्हा पाठ कर" म्हटले असते, तर त्या रात्री आम्हा दोघांकडे काय उरले असते? अर्थ पुढे उमगतो. शब्द आधीपासून जवळ असावे लागतात. बाईंनी मुलाचा प्रश्न ऐकायलाच हवा होता, पण विश्वासांगीकार पाठ करवून घेतला, यात त्यांचे काहीही चुकले नाही.

---

घोरपडीची_शिक्षिका

@पाठांतर_हवेच, आपले म्हणणे मी मान्य करते आणि मूळ लेखातील माझा सूर त्या बाबतीत एकांगी झाला, हेही मान्य करते. पाठांतर सोडण्याचा विचार नाही. त्याच्या शेजारी प्रश्नासाठी जागा ठेवायची आहे.

@हिंजवडीतला_एकटा, आपला प्रतिसाद मी आमच्या तरुण संघाच्या सचिवांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

---

वडगावशेरीकर

आम्ही कॅथलिक. शब्द थोडे वेगळे असले (आमच्याकडे धर्मग्राम, मिस्सा, स्नानसंस्कार, धर्मशिक्षण), तरी दुखणे तेच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रोम येथे तरुणांविषयी बिशपांची सभा झाली, तिच्या समारोपाच्या दस्तऐवजाची मांडणी बाईंनी सांगितलेल्या अम्माऊसच्या कथेवरच केलेली आहे. त्यानंतर पोप फ्रान्सिस यांनी २५ मार्च २०१९ रोजी तरुणांना उद्देशून लिहिलेल्या पत्रावर स्वाक्षरी केली, त्यातही तरुणांच्या सोबत चालणे, त्यांचे ऐकणे हा विषय पुन्हा पुन्हा येतो.

रोमचे राहू द्या. आपल्या हातात एक जुनी व्यवस्था आहे आणि ती आपण वाया घालवतो: धर्ममाता आणि धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलासाठी उभी राहणारी माणसे. चर्चच्या कायद्यानुसार ही व्यक्ती सर्वसाधारणपणे सोळा वर्षे पूर्ण केलेली, दृढीकरण झालेली आणि विश्वासाला साजेसे जीवन जगणारी असावी लागते, कारण मुलाला ख्रिस्ती जीवन जगण्यास मदत करणे हे तिचे काम आहे. आपण निवडताना नाते पाहतो. दुबईचा मामा धर्मपिता होतो, सोन्याची साखळी घालतो आणि पुढे नाताळला फोन करतो. मी स्वतः असा धर्मपिता होतो. माझ्या धर्मपुत्राचे वय सतरा झाले तेव्हा त्याला कोणता विषय आवडतो, हेही मला सांगता येत नव्हते. गेल्या वर्षीपासून महिन्यातून एका शनिवारी आम्ही दोघे खडकवासल्याला किंवा पर्वतीवर जातो. पहिले तीन शनिवार क्रिकेटशिवाय दुसरा विषय निघाला नाही. चौथ्या शनिवारी त्याने विचारले, "काका, तुम्ही पापनिवेदनाला जाता तेव्हा खरे सगळे सांगता का?"

---

केडगाव_पॅसेंजर

माझी पणजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, म्हणून रमाबाईंविषयी दोन गोष्टी.

पहिली गोष्ट वेळेची. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. आपल्या साक्षीत त्या स्वच्छ लिहितात, की मला ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे मला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले. त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आले होते, तेव्हा हे उमगणे याच शहरातले. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेला आठ वर्षे लागली. आपण चौदा वर्षांच्या मुलाला सहा महिने देतो आणि मग वही बंद करतो. वर्गातून निघून गेलेले मूल हरवले असे समजून त्याच्याशी बोलणे सोडू नये, एवढेच मला यातून घ्यावेसे वाटते.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि पुण्यात ती अधिक तातडीची आहे. प्रचलित मराठी भाषांतर साध्या, अल्पशिक्षित स्त्रियांना जड जाते, हे पाहून रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरवले. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या याच कामात होत्या, आणि छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. आज आपली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. 'नीतिमत्त्व', 'प्रायश्चित्त', 'समेट' हे शब्द त्यांच्या कानांवरून जातात. 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक हातात असूनही ती भ्रमणध्वनीवर रोमन लिपीत गीत शोधतात. मग आपण सोपा मार्ग काढतो: मुलांना इंग्रजी उपासनेला पाठवतो आणि आपण मराठीला बसतो. एका घरातली माणसे एकाच रविवारी दोन वेगवेगळ्या वेळी देवाला भेटतात, आणि दुपारी जेवताना बोलायला सामाईक असे काही उरत नाही. इंग्रजी उपासनेला माझा विरोध नाही. आजी आणि नातू यांना एकत्र म्हणता येईल असे एक तरी गीत, एक तरी प्रार्थना प्रत्येक घरात असावी, असे वाटते.

---

विश्वस्त_म्हणून

एक सूचना, जी कोणाला अप्रिय वाटू नये. अल्पवयीन मुलांना एकेकटे भेटणे, फिरायला नेणे, घरी जाणे, हे सर्व चांगल्या हेतूने होत असले, तरी त्याला मर्यादा आखून द्याव्यात. पालकांना आधी कळवलेले असावे, भेट उघड्या जागी किंवा दार उघडे ठेवून व्हावी, रात्री उशिरा खासगी संदेश पाठवू नयेत आणि शक्य तेथे दोन प्रौढ असावेत. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मंडळीची बदनामी होईल म्हणून आपसांत मिटवणे हा गुन्हा आहे. मुलाने विश्वासाने सांगितलेली अशी गोष्ट दाबली गेली, तर त्याचा देवाच्या घरावरचा विश्वास कायमचा मोडतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

---

घोरपडीची_शिक्षिका

@विश्वस्त_म्हणून, आपल्या सूचना पालकांच्या पुढच्या सभेत लिहून मांडणार आहोत. @निवृत्त_पाळक, गृहभेटींची वेळ आम्ही साडेसात केली आहे.

@केडगाव_पॅसेंजर, आपला प्रतिसाद वाचला त्याच आठवड्यात मी त्या मुलाच्या घरी गेले होते, ते सांगते. आजीचे 'उपासना संगीत' अजून दूरदर्शनसंचाच्या शेजारी ठेवलेले आहे. वर्तमानपत्राचे कव्हर, आत बसचे एक जुने तिकीट, आणि झावळ्यांच्या रविवारचा वाळून तपकिरी झालेला लहानसा क्रॉस. टिळकांच्या कितीतरी गीतांपुढे पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि काही खुणांशेजारी अगदी बारीक अक्षरांत तारखा व शब्द. तो म्हणाला, "मी हे कधी वाचले नाही, मला आजीचे अक्षर लागत नाही." मग मी पुस्तक त्याच्यासमोर धरले आणि तो एकेक अक्षर लावत गेला. एका गीताच्या समासात २००९ च्या ऑगस्टमधली एक तारीख होती, तिच्याखाली लिहिले होते, "बाळाचा ताप उतरला."

"कुठला ताप?" त्याने मला विचारले. मला कसे ठाऊक असणार? त्याने स्वयंपाकघराकडे पाहून आईला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली, ती ओळ पाहिली आणि जमिनीवर बसली. "तू चार वर्षांचा होतास," ती म्हणाली, आणि सांगू लागली.